ट्रंकेतले चार फोटो आणि कोल्हापुरात नसलेला कालवा

तुम्ही पाठवलेले चारही फोटो दोन संध्याकाळी पडद्यावर मोठे करून बघितले. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा संस्थानच्या काळात ओव्हरसियर होते, माळ्यावरच्या ट्रंकेत हे फोटो निघाले आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर पेन्सिलीनं ‘कॅनालचे काम’ एवढंच लिहिलंय. कोल्हापुरात कालवा होता कुठं, आणि एवढ्याशा फोटोंवरून आपलं गाव कसं बांधलं गेलं हे कळू शकतं का?

कालव्याचं आधी. नाव घ्यावं असा कालवा कोल्हापूर शहराला नव्हता. तरी आजोबा चुकलेले नाहीत. मी स्वतः पाटबंधारे खात्यात नोकरी केली. पाण्याचं कसलंही काम असो, धरण, बंधारा, पाट, जुनी माणसं त्याला सरसकट ‘कॅनॉल’च म्हणायची. तेव्हा पाठीवरचा शब्द पुरावा म्हणून ठेवा, पण त्याचा अर्थ फोटोच्या पुढच्या बाजूनं ठरवा.

त्या फोटोत दोन्ही बाजूंना दगडी भिंती दिसतात, मध्ये कोरडी पट्टी आणि तीत पंधरा-सोळा माणसं उभी. कुणालाही तो कालव्याचा चर वाटेल. पहिल्या संध्याकाळी मलाही वाटला. दुसऱ्या संध्याकाळी भिंती सोडून जमीन बघितली. डाव्या भिंतीच्या पायथ्याशी उन्हाचे पट्टे पडलेत: ऊन, सावली, ऊन, सावली, सारख्या अंतरानं. सलग भिंतीआडून ऊन असं येत नाही. म्हणजे ती भिंत नव्हेच, ते एकामागे एक उभे केलेले खांब आहेत. फोटोग्राफरनं कॅमेरा ओळीच्या टोकाला, जवळजवळ रेषेतच लावला, त्यामुळे मधल्या फटी मिटून गेल्या. उजवी ‘भिंत’ नीट बघा. तिचे दगड घडीव नाहीत, थर सरळ नाहीत, सांध्यात चुना नाही, वरून माती लोटलेली आहे. नदीचं पाणी बाजूला ठेवण्यासाठी घातलेला तो कच्चा बांध आहे. पाऊस आला की वाहून जायचाच, पुढच्या हंगामात पुन्हा घालायचा. तुम्हाला चर वाटतो ती पट्टी म्हणजे नदीचं पात्रच, कामापुरतं कोरडं केलेलं.

आता सगळ्यात जवळचा खांब मोठा करा. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत दोन उभ्या खाचा आहेत, एकमेकींना समांतर. इथं माझी शंका संपली. त्या खाचा बरग्यांच्या. दोन खांबांच्या मध्ये लाकडी फळ्या, म्हणजे बरगे, या खाचांतून एकावर एक सोडायच्या. अशा दोन ओळी लावायच्या आणि मधल्या पोकळीत चिकट माती ठासायची, की झाला बांध. पावसाळ्याच्या तोंडावर माती आणि बरगे काढून घ्यायचे, पूर आणि पुराबरोबरचा गाळ मोकळा जाऊ द्यायचा, आणि पाऊस ओसरला की पुन्हा बरगे घालायचे. हाच तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. इंजिनिअर मंडळी त्याला के. टी. वेअर, म्हणजे ‘कोल्हापूर टाइप’ वेअर, म्हणतात आणि महाराष्ट्रभर तो आपल्या गावाच्या नावानंच बांधला जातो. आपल्याला मात्र ‘राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी’ एवढीच ओळख उरलीय, तीही जुलैत. ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, आणि सगळं गाव मोबाइलवर आकडा बघत बसतं.

आता मुद्दा असा की कालवा नसलेल्या मुलखात ऊस पिकला कसा? राधानगरीचं धरण भोगावतीवर. तिथून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली येतं, ठिकठिकाणच्या बंधाऱ्यांनी अडतं, आणि काठावरचा शेतकरी ते उपसून वर नेतो. पूर्वी मोटेनं, मग इंजिनानं, आता विजेच्या पंपानं. आपल्या नद्या खोल पात्रातून वाहतात, रानं वर असतात, त्यामुळं उपसा सोयीचा पडला. थोडक्यात, नदी हाच आपला कालवा. आजोबांनी कदाचित घाईत लिहिलं असेल, पण ‘कॅनालचे काम’ हे शब्द कामाचा अर्थ ओळखूनच लिहिल्यासारखे वाटतात.

फोटो केव्हाचा? साल सांगता येणार नाही, महिना बराचसा सांगता येतो. माणसांच्या सावल्या अगदी पायाशी गोळा झाल्यात, म्हणजे सूर्य डोक्यावर आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला. इथं मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पाऊस लागला की ऑगस्टपर्यंत नदीच्या पात्रात कुणी उभं राहत नाही. उरतो एप्रिल-मे, आणि नदीतली बांधकामं खरंच तेव्हाच होतात. हीच युक्ती इमारतींच्या फोटोंनाही लावा. उत्तरेकडं तोंड असलेल्या भिंतीवर भर दुपारचं ऊन दिसलं, तर तो फोटो बहुतेक मे महिन्यातला. पुस्तकातलं थंड देशांचं गणित इथं चालत नाही, तिथं भर दुपारचा सूर्य कधी उत्तरेला जातच नाही.

साल हवं असेल तर बांधकामाच्या साहित्याकडं बघतात. तुमच्या फोटोत मागं एक बैल गोल फिरतोय, पुसट आहे, पण आहे. ती चुन्याची घाणी. गोल चरात चुना आणि वाळू टाकायची, बैलाला जुंपलेलं दगडी चाक त्यावरून फिरवायचं, चुना लोण्यासारखा व्हायला हवा. घाणी दिसली म्हणजे फोटो जुना, असं झटकन म्हणू नका. भारतात सिमेंटचा कारखाना १९१४ च्या सुमारास पोरबंदरला निघाला, पण पाण्याच्या कामांत चुना त्यानंतरही कित्येक वर्षं चालला. घाणी ‘सिमेंटच्या आधीचा’ एवढंसुद्धा खात्रीनं सांगत नाही. त्यापेक्षा माणसांच्या डोक्यावर बघा. फेटे, पागोटी आणि एक पांढरी टोपी. ती गांधी टोपी असेल, आणि मला तशीच वाटते, तर १९२० च्या मागं जाता येत नाही.

दुसरा फोटो तुम्ही ‘रंकाळा’ म्हणून पाठवलात. नाही. जुना तलावाचा फोटो दिसला की आपण डोळे झाकून रंकाळा म्हणतो. रंकाळ्याचा फेरा चार किलोमीटरच्या वर, पलीकडचा काठ फोटोत बारीक रेघ होतो. तुमच्या फोटोत पलीकडच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या बाईच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसतो. हे गावातलं तळं आहे.

आणि गावातली तळी हा या फोटोंतला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा ऐवज. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. कपिलतीर्थ मंडईत आपण मेथीची जुडी घेतो, तिथं कपिलतीर्थ होतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल संघांची मॅच बघताना आपण रावणेश्वराच्या तळ्यात बसलेलो असतो. सिद्धाळा, पद्माळा ही नावं बागांना चिकटून राहिली, पाणी गेलं. कोटीतीर्थ तेवढं टिकलंय. तळी एकदम नाहीशी झाली नाहीत. आधी गाळ, मग डास आणि रोगराईची भीती, मग भराव, मग मैदान किंवा बाजार. भरावाला माती-मुरूम लागला, तो दुसरीकडून खणून आणला, म्हणजे एक खड्डा बुजवताना दुसरा पडला.

उलटंही खरं आहे. तळी पडलीच मुळी खणण्यातून. रंकाळा ही दगडाची खाण होती आणि अंबाबाईच्या देवळाचा दगड तिथून निघाला, असं परंपरा सांगते. आपला काळा दगड कुठंतरी काढल्याशिवाय भिंतीत येत नाही, आणि काढला की खड्डा पडतो, खड्ड्यात पाऊस साचतो. देऊळ आणि तळं हे एकाच कामाचे दोन भाग असतात, एक वर गेलेला, एक खाली. तुमच्या फोटोत पुढच्या बाजूला दगडांचा ढीग आहे ना, त्यातल्या दोन दगडांच्या कडेला दातासारख्या खाचा ओळीत दिसतात. ते पाचरी ठोकून फोडलेले दगड. ओळीत खाचा घ्यायच्या, पाचरी मारायच्या, घणाचे घाव आळीपाळीनं घालायचे, की दगड सरळ रेषेत उलतो. दगडावर गोल नळीचा अर्धा भाग दिसला असता तर तो सुरुंगानं फोडलेला. वडार मंडळींना हे हात लावून कळतं, आपल्याला भिंग घ्यावं लागतं.

कोणतं तळं, हे मी सांगू शकतो असं वाटलं होतं, पण पलीकडच्या झाडीमुळं एकही ओळखीचं शिखर मोकळं दिसत नाही. तुमच्याकडं याचा मूळ प्रिंट असेल तर वरची कड बघा. तुम्ही पाठवलेला भाग कापलेला आहे, आणि कापलेल्या चार बोटांतच बहुतेक उत्तर असेल. रंकाळ्याच्या फोटोंना मात्र एक फार सोपी खूण आहे, पुढं कामाला येईल. संध्यामठ, तळ्यातलं खांबांचं जुनं दगडी बांधकाम. पाणी वाढलं की तो बुडतो, उतरलं की वर येतो. त्याच्या खांबांवर पाणी किती चढलंय यावरून ऋतूचा अंदाज बांधता येतो. आणि तेव्हाच्या रंगांचा अंदाज हवा असेल तर आबालाल रहिमानांची चित्रं बघा. कोटीतीर्थाच्या काठी राहून त्यांनी तेच पाणी वर्षानुवर्षं रंगवलं. काळ्यापांढऱ्या फोटोत शेवाळ आणि सावली सारखीच दिसते, चित्रात नाही.

शहराला प्यायचं पाणी कळंब्याच्या तलावातून यायचं, उतारानं, आणि ‘पाण्याचा खजिना’ इथं साठायचं. नाव आजही पत्त्यात लिहितो आपण. तुमच्या फोटोंत त्यातलं काही नाही, पण ट्रंकेत आणखी असतील तर झडप असलेल्या दगडी टाकीचा, बिनखिडक्यांच्या ठेंगण्या बांधकामाचा फोटो ‘कसलंतरी कोठार’ म्हणून बाजूला टाकू नका.

तिसरा फोटो रस्त्याचा. यात वेळ घालवायची गरज नाही, पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. रस्ता सरळ, दोन्ही कडेला दगडी गटार बांधून तयार, आणि घरं? तीन-चारच. बाकी मोकळे प्लॉट. गटार आधी, घर नंतर. जुन्या कोल्हापुरात हे शक्य नव्हतं. मंगळवार, शुक्रवार, शनिवार या पेठांत घरं आधी झाली आणि त्यांच्यामध्ये जे उरलं तो रस्ता. भोवती तट, खंदक, वेशी. तट पाडला गेला, बिंदू चौकात सबजेलपाशी थोडा उरलाय. गंगावेस, रंकाळावेस या वेशी गेल्या आणि रिक्षावाल्याच्या तोंडात राहिल्या. तटाबाहेर आखून वसवलेल्या पेठा ही वेगळीच जात. मिरजेहून रेल्वे आली १८९१ साली, आणि चार वर्षांनी, १८९५ मध्ये, स्टेशनाजवळ शाहूपुरी वसली, गुळाच्या व्यापारासाठी. तिथल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत: पहिली गल्ली, दुसरी गल्ली. राजारामपुरीचंही तेच. आखणी करणाऱ्याचं डोकं त्या नंबरांतच दिसतं. तुमचा रस्ता सपाट आहे आणि उजव्या गाडीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, लादलेत, म्हणून मी शाहूपुरीच्या बाजूनं कौल देतो. राजारामपुरीच्या गल्ल्यांना चढ असतो, सायकल मारलेल्या माणसाला विचारा.

रस्त्यावर माणसं नाहीत म्हणून गाव ओस होतं असं समजू नका. कॅमेरा स्टँडवर, झाकण क्षणभर जास्त उघडं, आणि चालता माणूस काचेवर उमटलाच नाही. गटाराजवळ एक धुरकट डाग दिसतो ना, तो माणूस आहे. थांबलेला बैल स्वच्छ आला, चालणारा माणूस पुसला गेला.

चौथा, तुम्हाला सगळ्यात आवडलेला, साहेब लोकांचा ग्रुप. खुर्चीवर दोघे, मागं उभे पाच, जमिनीवर बसलेले पाथरवट, कडेला तिवईवर जमिनीचा चढउतार मोजायचं लेव्हलचं यंत्र आणि त्याची आकड्यांची पट्टी. आजोबा डावीकडून दुसरे असं तुम्ही म्हणता. ते उजवीकडून दुसरे असणार, कारण हा प्रिंट उलटा निघालाय. बसलेले आठही पाथरवट डाव्या हातात हातोडा धरून आहेत. एखादा डावखुरा असतो, आठच्या आठ नसतात. काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूनं ठेवून छापली की असं होतं. पट्टीवरच्या आकड्यांवरूनही हेच कळेल, पण जपून. त्या काळी लेव्हलिंगच्या काही पट्ट्यांवर आकडे मुद्दाम डोकं खाली करून रंगवलेले असत, कारण दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. डोकं खाली असलेला आकडा ही गोष्ट वेगळी, आरशातला आकडा वेगळी. तुमच्या पट्टीवर आरशातला आहे.

हे इतक्या ठासून सांगतोय कारण मी एकदा यात सपशेल आपटलोय. घाटाच्या एका फोटोखाली मोठ्या ऐटीनं काठाचं नाव, दिशा, सगळं लिहून प्रदर्शनात लावला. दुसऱ्या दिवशी पंचगंगेत रोज पोहणारे एक म्हातारे गृहस्थ आले, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “सायेब, न्हदी उलटी व्हायला लागलीया की!” फोटो उलटा होता. तेव्हापासून कुठल्याही फोटोत मी आधी हात बघतो, मग नदी बघतो आणि शेवटी इमारत.

या फोटोत आणखी एक गोष्ट आहे जी फोटोग्राफरला नको होती. उजव्या कडेला, चौकटीनं अर्धी कापलेली, डोक्यावर बुट्टी घेतलेली बाई. ती थांबलेली नाही, कामावर आहे, म्हणून थोडी हललीय. ग्रुपमध्ये तिला कुणी बोलावलं नाही. पण दगड-माती वाहून बांध उभा केला तो अशाच बायकांनी, आणि असल्या फोटोंत त्या नेहमी अशाच सापडतात, कडेला कापलेल्या. प्रिंट करून घेताना कड ‘सरळ’ करायला स्टुडिओवाला सांगेल. करू देऊ नका.

राधानगरीबद्दल तुम्ही विचारलंय, ‘साहेबांचा ग्रुप धरणावरचा असेल का?’ असू शकतो. शाहू महाराजांनी १९०८ मध्ये राधानगरी वसवली, धरणाचं काम हाती घेतलं, पण १९१८ च्या सुमारास ते साधारण ४० फुटांवर थांबलं. पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात. म्हणजे मध्ये बरीच वर्षं अर्धं धरण उभं होतं, आणि त्या अवस्थेतले फोटो लोक ‘फुटलेलं धरण’ म्हणून दाखवतात. अर्धवट सोडलेल्या दगडी कामाचा माथा ओळखता येतो: कडा तुटक्या नसतात, दाते सोडलेले असतात, पुढच्या थराला पकड मिळावी म्हणून. तुमच्या ग्रुपच्या मागं जे काम दिसतं त्याला असे दाते आहेत. पण असे दाते बंधाऱ्याच्या कामातही सोडतात. मागं डोंगर असता तर राधानगरीच म्हणालो असतो. मागं नुसतं आभाळ आहे.

प्रिंट सांभाळायचे कसे, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ट्रंकेत परत टाकू नका. कोल्हापूरचा पावसाळा आणि लोखंडी ट्रंक मिळून बुरशी वाढवतात. एकमेकांना किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत, जसे आहेत तसेच स्कॅन करा. प्लास्टिकच्या पाकिटाऐवजी साध्या, आम्ल नसलेल्या कागदात ठेवा. स्कॅन निदान १२०० डीपीआयचा हवा, आणि पाठीचाही करा. त्या पेन्सिलीवर खोडरबर फिरवू नका, शाईनं गिरवूही नका.

पुढं काय करायचं तर बंधारा नक्की करा. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत, भोगावतीवर हळदी, राशिवडे, कोगे वगैरे. आधी फोटोतले खांब मोजा, उन्हाच्या पट्ट्यांवरून, खांबांवरून नव्हे. मला ओळीच्या दिसणाऱ्या भागात तेवीस मिळाले, पण तो आकडा बाजूला ठेवून तुम्ही स्वतंत्र मोजा आणि मला कळवा. मग टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आणि पुराभिलेखागारात संस्थानच्या कामांच्या कागदांत खांबांची संख्या जुळवा. आजोबांचं खातं माहीत असेल तर तिथूनच सुरुवात करा, नुसतं आडनाव घेऊन शोधायला गेलात तर अर्धा जिल्हा सापडेल.

जागेवर जायचं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. बरगे काढलेले असतात, पाणी उतरलेलं असतं, खाचा उघड्या दिसतात. सकाळी नको, बाराच्या आसपास जा, म्हणजे पट्टे तसेच पडतील. सोबत फोटोची मोठी प्रत न्या. ओळीच्या टोकाला उभं राहून जवळच्या खांबाची कड आणि मागच्या एखाद्या पक्क्या वस्तूची कड फोटोतल्यासारखी जुळेपर्यंत डावी-उजवीकडं सरका. जुळली की पाय जिथं आहेत तिथं कॅमेरा होता. काठाला गाळ असतो, चप्पल घालून जाऊ नका.